खेमसिंगच्या विहिरीतला दिवा

फुलसावंगीच्या बाजारात सीताफळं विकायला बसणाऱ्या बायांत रामीबाई कधी ओळीत बसायची नाही. सगळ्या बाया एका अंगाला न् ही दुसऱ्या अंगाला, एकटी, पिंपळाच्या मुळाशी. मी एकदा फणकारलेच, "काहून व, तुझ्या सीताफळांले काय किडे पडले? इकडं बस की." तशी शेजारची एक बाई माझ्या कानाशी लागली. म्हणे, "बाई, तिच्यापासून घेऊ नका. तिनं नवरा खाल्ला."

मी तापट बाई. शाळेतली पोरं माझ्यामागं मला काय म्हणतात ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या दिवशी मी मुद्दाम रामीबाईकडूनच सीताफळं घेतली, टोपलीभर घेतली, न् घरी गेल्यावर आमच्या ह्यांची बोलणी खाल्ली की एवढी कोण खाणार. नवरा खाल्ला म्हणे! जशी काही ती भाकरीसोबत वाढून घेतलेली वस्तू आहे. पण खरी हकीकत मला कळली ती पुढं, अडुसष्ट सालच्या हिवाळ्यात, तिच्या पोरीमुळं.

मी मूळची राळेगावकडची. लग्न होऊन इकडे आले न् इथल्या शाळेत गणित न् विज्ञान शिकवायला लागले. विमलताई म्हणून गावात कोणालाही विचारा. रामीबाईची पोरगी रुपी माझ्याच वर्गात होती. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून पायी यायची, पायात काही नाही. तांड्यावरच्या दुसऱ्या पोरींची लग्नं ठरत होती, हिला मात्र कोणी मागणी घालत नव्हतं. आसरांनी, म्हणजे पाण्यातल्या बायांनी, धरलेलं घर म्हणत. म्हणून आईनं शाळेत घातली. आता असं नशीब चांगलं म्हणावं की वाईट, तुम्हीच ठरवा.

झालं होतं ते असं. तांड्याच्या कडेला एक जुनी विहीर होती. एकसष्टच्या वैशाखात पाणी आटलं, तेव्हा गाळ काढायचा ठरला न् उतरायला तयार झाला रामीबाईचा नवरा खेमसिंग. उंचापुरा, देखणा गडी. विहिरीत उतरण्याआधी तिथल्या आसरांना दिवा द्यायचा अशी तांड्याची रीत. टोपलीत नारळ, हळद-कुंकू न् पेटता दिवा ठेवतात न् दोरीनं खाली सोडतात. दिवा तळाशी जळत राहिला की आसरा राजी, मग माणसानं उतरायचं. त्या दिवशी दिवा अर्ध्यात गेला न् विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. सगळे चरकले. तांड्याच्या नायकानं, धावजीनं, विचारलं, इथं कोणी बाटलेलं आहे का? रामीबाई तेव्हा बाजूला बसलेली होती, म्हणजे तिचे ते दिवस होते. पण खेमसिंग भाकरी विसरून आला होता, म्हणून ती भाकरी घेऊन विहिरीपर्यंत आली होती. खोटं बोलायची सवय नाही. तिनं सांगून टाकलं.

तिला हाकलून दिलं. जागेवर पाणी शिंपडलं. मग नवा दिवा पेटवला, पण या वेळी खाली नाही सोडला. आता आसरांना आणखी कायले चिडवायचं, म्हणून काठावरच ठेवला. काठावर तो चांगला जळला. झालं, राजी झाल्या म्हणाले. खेमसिंग उतरला. तळाशी पोचला, एकदा वर पाहिलं न् बसल्यासारखा खाली बसला. तो काही उठला नाही.

त्याचा भाऊ पूनमसिंग त्याला काढायला गेला, तर अर्ध्यातच ओरडायला लागला. त्याच्या कमरेला दोर होता म्हणून वर ओढता आला. पांढराफटक पडला होता. आसरांनी थंडगार हातांनी माझे पाय धरले, खाली ओढून राह्यल्या होत्या, असं तो शुद्धीवर आल्यावर म्हणाला. तेव्हापासून तो माणूस पाण्याच्या जवळ जात नाही. आंघोळीचं पाणीसुद्धा दुसऱ्यानं लांबून टाकायचं. खेमसिंगचं प्रेत गळ टाकून काढलं दुसऱ्या दिवशी. पण तांड्याचं म्हणणं एकच, वर आलं ते नुसतं कातडं, माणूस आसरांनी ठेवून घेतला. तो खाली त्यांच्यापाशी आहे. विहिरीवर काटे टाकले न् त्या वाटेनं जाणं लोकांनी सोडलं.

आणि रामीबाईचं काय? ती जगली, एवढंच. सरकारी नव्या विहिरीला तिनं हात लावायचा नाही, रुपीनं वरून तिच्या घागरीत पाणी ओतायचं. पेरणीला तिफण निघाली की तिनं दाराआड राहायचं. आधी तीजच्या सणाला गाण्यांत तिचा आवाज सगळ्यांत वर चढायचा म्हणतात, त्यानंतर कोणी तिला गाताना ऐकलं नाही. आणि मला सगळ्यात राग येतो तो याचा, की तिनं कधी कोणाशी भांडण केलं नाही. तिलाही ते पटलेलं होतं. मीच गेली भाकर घेऊन, ती म्हणायची. मीच मारलं त्याले.

दर अवसेला दिवे लागायच्या वेळी ती मात्र एकटी त्या विहिरीवर जायची. काटे सरकवून, दोरीनं एक दिवा खाली सोडायची. रुपीनं मला हे सांगितलं तेव्हा मी विचारलं, "मग?"

"मंग काय, दिवा इझते. याडी घरी येते. त्या दिवशी चांगली जेवते."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मला वाटलं, बिचारी माफी मागायला जात असेल.

तर त्या हिवाळ्यात आमच्या शाळेत एक साहेब आले. सोबत लाखेची मोहोर लावलेले गठ्ठे. म्हणाले, कितीतरी देशांनी मिळून ठरवलंय, सगळ्यांच्या पोरांना गणिताचे न् विज्ञानाचे तेच प्रश्न द्यायचे, ज्याच्या त्याच्या भाषेत. कोणत्या देशाची पोरं किती पाण्यात आहेत ते बघायचं. ही आत्ता नुसती प्रश्नांची चाचणी, खरी परीक्षा पुढं. आणि म्हणून प्रश्न बाहेर जाता कामा नयेत, कोणाशी बोलायचं नाही, सगळे पेपर परत गोळा करायचे.

आमच्या शाळेची निवड का झाली देव जाणे. पण मुख्याध्यापक असे फुगले की विचारू नका. भिंतींना चुना लावला, पोरांना टोप्या धुऊन यायला सांगितलं. पेपर वाटले न् पाच मिनिटांत एक पोट्टा उभा.

"बाई, उत्तरं तं यायनंच छापून देल्ले. मंग आपल्याले कायले इचारते?"

एका प्रश्नाखाली चार-पाच उत्तरं, त्यातलं बरोबर ते ओळखायचं, असला प्रकार पोरांनी जन्मात पाहिला नव्हता. साहेब हसले. मी त्याला खाली बसवलं. पुढं एक प्रश्न होता की थंड देशात तळं गोठतं तेव्हा बर्फ वरच का राहतो. तळ्यावर बर्फ! "बाप्पा!" करून अख्खा वर्ग खदखदला. मी डोळे वटारले तेव्हा कुठं गप झाले.

मी बाकांमधून फिरत होते. रुपीपाशी आले तर तिची पेन्सिल थांबलेली. मी एक चक्कर मारून परत आले, तरी तिथंच. मी वाकून पाहिलं. पेपरात चित्र होतं, एका विहिरीचं. काठावर माणूस, हातात दोरी, दोरीला कंदील. खाली लिहिलेलं, जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी माणूस पेटता कंदील खाली सोडतो. कंदील विझला तर तो उतरत नाही. का? आणि त्याखाली उत्तरं.

रुपी त्या चित्राकडं पाहत होती. चित्रातल्या विहिरीत कोणी बसलं आहे आणि ते वर पाहील, अशी वाट बघावी तशी. घंटा झाली तरी तिनं तिथून पुढं एकही खूण केली नाही. साऱ्या जगाच्या हिशेबात आमच्या रुपीला त्या प्रश्नाचं शून्य.

पोरं गेली. साहेब गठ्ठे बांधत होते. रुपी दारातच उभी.

"बाई, कंदील कायले इझते?"

साहेबांनी मान वर केली. "प्रश्नांबद्दल बोलायचं नाही, ठरलंय आपलं."

"बाई, मले नंबर नाई पाह्यजे," रुपी म्हणाली. "मले फक्त एवढं सांगा." आणि तिथंच, साहेबांसमोर, तिनं खेमसिंगची सगळी हकीकत सांगितली. दिवा, भाकरी, हाकलून देणं, काठावरचा दिवा, सगळं. मी तोवर ती तुकड्या-तुकड्यांनी ऐकली होती. अशी एका दमात कधी नाही.

साहेब पुन्हा म्हणाले, "बाई, नियम..."

"खड्ड्यात गेला तुमचा नियम," मी म्हटलं. "इथं एका बाईच्या जन्माचा प्रश्न आहे." आणि मी रुपीला सांगितलं की जुन्या विहिरीच्या तळाशी वाईट हवा साचते. ती जड असते, वर येत नाही. त्या हवेत दिवा जळत नाही न् माणूसही जगत नाही. पायातलं बळ आधी जातं, म्हणून पूनमसिंगला कोणी ओढल्यासारखं वाटलं. "अगं, तुला माहीत आहे हे. मेणबत्तीवर पेला उपडा ठेवला तेव्हा तूच तर उत्तर दिलं होतंस."

"ते पेल्याचं होतं, बाई," ती म्हणाली.

मग ती साहेबांकडं वळली. "साहेब, हा सवाल साऱ्या देशायच्या पोट्ट्यायले हाय?"

"हो."

"म्हंजे सगळीकडंच इहिरीत माणसं मरते." तिनं ओठ चावला. "तिकडं त्यायच्या बायकायले काय म्हणते?"

साहेबांनी खाली मान घालून गठ्ठ्याची गाठ पुन्हा सोडली न् पुन्हा बांधली. चांगला माणूस होता तो. जाताना मला एवढंच म्हणाला की मी काही ऐकलं नाही.

रुपीनं घरी जाऊन आईला सांगितलं, न् मी तांड्यावर येऊन सगळ्यांना कंदील सोडून दाखवणार आहे हेही. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय म्हणाली? तर म्हणे, याडीनं आयकलं, चुलीत काडी सारली न् म्हणाली, बाईले म्हणा नका येऊ. मला वाटलं, तांड्याला भ्यायली असेल. सात वर्षं मान खाली घालून जगलेली बाई, तिला भीती वाटणारच. मी म्हटलं, आता तर मी येतेच. बघते कोण काय म्हणतं ते.

रविवारी मी घरचा कंदील न् कापसाची गाठोडी बांधायचा लांब दोर घेऊन तांड्यावर गेले. आमचे हे म्हणाले, तुला कायले नसती उठाठेव? मी चपला घातल्या न् निघाले. धावजी नायक बाहेर आला, पांढरं पागोटं, थकलेला पण ताठ. मी सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. चार माणसं जमली. पूनमसिंगही आला, पण दूर चिंचेखाली उभा राहिला. रामीबाई झोपडीच्या दारात, ओढणी तोंडावर.

विहिरीवरचे काटे काढले. आतून ओलसर, कुजक्या पाल्याचा वास आला. मी कंदील सोडला. अर्ध्यापर्यंत ज्योत दिसली, मग पिवळी झाली, लहान झाली, गेली.

"बाई, तुमी परक्या," धावजी म्हणाला. "तुमच्या हातानं तं इझनच."

"मग तुम्ही सोडा. आंघोळ करून या. सगळ्या तांड्यात तुमच्याहून शुद्ध कोण आहे?"

तो खरंच आंघोळ करून आला. ओल्या अंगानं, नारळ फोडून, तोंडातल्या तोंडात काही म्हणत त्यानं स्वतः कंदील सोडला. विझला. वर ओढला, काडी लावली, पुन्हा सोडला. विझला. मी म्हटलं, "आता कोण बाटलं, नायक?"

धावजी काठावरच्या दगडावर खाली बसला. बराच वेळ तो दोर हातात तसाच धरून होता.

"दिव्यानं आमाले सांगतलं होतं," तो म्हणाला. "आमीच नाई आयकलं."

चिंचेखालून पूनमसिंग ओरडला, "मंग माये पाय कोनं धरले होते?" मी हवा हवा म्हणत राहिले, पण तो नुसता आपल्या पायांकडं बघत होता.

धावजी उठला, रामीबाईच्या दारापर्यंत गेला न् त्यानं हात जोडले. नायकानं बाईमाणसापुढं हात जोडलेले मी तरी पहिल्यांदा पाहिले. "रामी, तांड्याचं चुकलं. तुया काई दोष नाई. उद्या नव्या इहिरीची पयली घागर तुयी." मग माणसांकडं वळून म्हणाला, "अन् ही बुजवून टाका. लेकरं खेळते इकडं. दगड टाकून पार बुजवा."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. डोळ्यांना पाणी आलं. मी रामीबाईकडं पाहिलं, की आता रडेल, हसेल, काहीतरी करेल. तिनं ओढणी मागं सारली न् सात वर्षांत पहिल्यांदा नायकासमोर तोंड उघडलं.

"इहीर नका बुजवू," ती म्हणाली. "दोष माया राहू द्या."

कोणाला काही कळलं नाही. बाई गांगरली म्हणाले. माणसं पांगली तशी मी तिच्याजवळ गेले न् जरा रागानंच म्हटलं, "काय बोलून राह्यली तू? सुटली तू आता!"

ती माझ्याकडं बघत नव्हती, विहिरीकडं बघत होती. मग सांगायला लागली, हळूहळू, मराठी शब्द शोधत. खेमसिंग कामावरून घरी आला की पहिल्यांदा दिवा फुंकून टाकायचा. तेल कायले जाळतं, म्हणायचा, मी आलो नं. रोज. ती चिडायची, तो हसायचा. तो गेल्यावर पहिल्या अवसेला तिनं माफीचा दिवा खाली सोडला, तो विझला. तेव्हा ती घाबरली नाही. तिला वाटलं, हा त्यानंच फुंकला.

"सात वर्सं मी दिवा सोडून राह्यली, बाई, अन् तो फुंकून राह्यला. मले ठावं होतं का तो खाली हाय. आसरायपाशी असन, पण हाय. मी रुपीचं सांगो, कापसाचं सांगो, समदं सांगो. मंग दिवा सोडो. तो फुंके. मी घरी येओ." आता तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी म्हणता, हवा."

मी बोलभांड बाई. वर्गात पोरांना तोंड उघडू देत नाही. त्या दिवशी मी नुसता दोर गुंडाळत बसले.

होळीच्या आधी विहीर बुजवली. बैलगाड्यांनी दगड आणले, वर माती लोटली, चोपली. मुलं आता तिथं विटीदांडू खेळतात. रामीबाईनं नव्या विहिरीची पहिली घागर सगळ्यांसमक्ष भरली, धावजीनं शब्द पाळला. बाजारात ती आता ओळीत बसते. शेजारची बाईच तिला जागा करून देते, तोंड भरून बोलते. रामीबाई हो ला हो म्हणते. पूनमसिंग मात्र अजून पाण्याजवळ जात नाही.

चैत्राच्या अवसेला मी रुपीच्या पुढच्या शाळेचं बोलायला तांड्यावर गेले होते. दिवेलागण झाली होती. रुपी म्हणाली, याडी तिकडं बसली आहे. मी गेले. बुजवलेल्या जागेवर, मातीत, रामीबाई एक दिवा पुढं ठेवून बसली होती. वारा अजिबात नव्हता. आधीचे दिवे जळून गेले होते, त्यांच्या काळ्या वाती आजूबाजूला पडल्या होत्या.

"बसा, बाई."

मी बसले. ज्योत सरळ उभी होती, जरासुद्धा हलत नव्हती. आम्ही दोघी तिच्याकडं बघत बसलो. मनात आलं, फुंकर मारावी का? तिला कळणार नाही असं. आणि लगेच माझी मलाच भीती वाटली.

"आता इझतच नाई," रामीबाई म्हणाली. "तेल सरतवर बसते मी, पण इझत नाई." मग ती माझ्याकडं वळली. "बाई, ते साहेब पुन्हा आले तं त्यायले एक इचारा. साऱ्या देशायच्या शाण्या माणसायनं पेपर काढला म्हणता. दिवा इझला तं काय समजा, ते लिवलं त्यायनं. अन् दिवा इझलाच नाई, तं माणसानं काय समजा?"

दिवा जळतच होता.